शालिकचा कागद, शालिकची दोरी

बातमी घेऊन आलेल्या माणसावर मी आधी ओरडलोच. प्रताप नगरात आमच्या घराचं फाटक उघडं राहिलं की गाई आत शिरतात आणि बायकोची शेवंती फस्त करतात, त्यामुळे फाटक उघडं टाकणाऱ्याला मी सोडत नाही. हा माणूस कळमेश्वरच्या बसनं आला होता, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, आणि फाटक सताड उघडं ठेवून अंगणात नुसता उभा. मी आतूनच म्हटलं, "आधी ते फाटक लाव." तो बिचारा परत गेला, कडी लावली, ती नीट बसली का ते हलवून पाहिलं, आणि मग म्हणाला, "भाऊ, मी देवीदास. शालिकभाऊ गेले. आज सकाळी. चहा पिऊन राहिले होते..." कडी हलवून पाहिली तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा शालिकच्या हाताखालचा माणूस आहे. आज त्याला सव्वा महिना झाला. फाटकाची कडी वाजली की अजून मला देवीदासच आठवतो, आणि आपण त्याच्यावर उगाच ओरडलो याची लाज वाटते.

शालिक गजभिये हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. त्याच्या छातीवर पदक नव्हतं, पेपरात नाव नव्हतं, आणि लढाईची गोष्ट सांगायला बसवला तर तो तेलाची गोष्ट सांगायचा. तो तोफखान्यात फिटर होता, म्हणजे तोफांचा मिस्त्री. मी त्याच रेजिमेंटमध्ये एका तोफेचा हवालदार, सहा जणांचा मुकादम म्हणा हवं तर. दोघंही नागपूरचे. मी जुन्या शहरातल्या महाल भागातला, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या आणि पूर्वजांच्या तलवारीच्या गप्पा मारत कारकुनी करणाऱ्या घरातला. तो उत्तर नागपूरचा. ज्या वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली त्या वर्षी पांढरे कपडे घालून आईबापांबरोबर मैदानात बसलेल्या गर्दीत तोही होता, नुकतं मिसरूड फुटलेला. पुढच्याच वर्षी तो भरती झाला. मी त्याला एकदा विचारलं होतं, काहून गा, फौजेतच काहून? तर म्हणे, "मले मशीन पायजे होती. आमच्या घरी मशीन म्हणून एक कंदील होता."

आता लोकांना तोफ म्हटलं की किल्ल्यावरची दिसते, गवत उगवलेली, जिच्यावर बसून सहलीची मुलं फोटो काढतात. आमच्या तोफा पंचवीस पौंडी होत्या, चाकांवरच्या, आणि वयानं आमच्याहून थोड्याच लहान. गोऱ्या साहेबाची लढाई त्यांनी पाहिलेली, मग आपलीही पाहिली. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, एकीचं काढून दुसरीला लावायचं असं चाललं होतं. तोफेतनं गोळा सुटला की नळी धक्क्यानं मागे येते. नळीच्या खाली तेलाचं नि हवेचं नळकांडं असतं, ते हा धक्का झेलतं आणि नळीला परत जागेवर ढकलतं. ते नळकांडं म्हातारं झालं की तेल गळायला लागतं. त्यात तेल नसेल तर मागे आलेली नळी थांबायची नाही, आणि तिच्या मागे माणसं असतात. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

तोफ दुरुस्त झाली की शालिकचे दोन नेम असत. पहिला कागदाचा. दुरुस्त केलेल्या नळकांड्याखाली तो एक पांढराशुभ्र कोरा कागद पसरून चार खडे ठेवायचा आणि रात्रभर कोणाला तिकडे फिरकू द्यायचा नाही. सकाळी कागद उचलून उजेडात धरायचा. टाचणीच्या डोक्याएवढा जरी तेलाचा डाग दिसला तरी काम पुन्हा पहिल्यापासून. दुसरा नेम दोरीचा. दुरुस्त तोफेचा पहिला गोळा तो लांब दोरी बांधून खड्ड्यातून ओढून उडवायचा, आणि दोरी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही. "ज्याच्या हातचं काम, त्यानंच ओढायची," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोरीचा नियम तसा पुस्तकातलाच, पण बाकीचे फिटर तो मनात आलं तर पाळायचे. शालिक बारा महिने तेरा काळ पाळायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. सगळ्यात जास्त मी हसायचो.

तो दिवस सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. लढाई संपून एखाद वर्ष झालं होतं. आम्ही वाळूच्या मुलखात सरावाच्या फायरिंगला गेलो होतो, चार तोफा रांगेत, आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या तोफेनं तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे साहेब पाहायला येणार होते. बाकीच्या तिघी धडाडून राहतील आणि माझी उभी राहील, या विचारानंच माझं डोकं फिरलं. शालिकनं नळकांडं खोललं, आतलं चामड्याचं वायसर बदललं, आणि सकाळी नऊच्या सुमारास खाली कागद पसरून मला म्हणाला, "हवालदारसाहेब, आता उद्या." मी म्हटलं, उद्या काय माझ्या तेराव्याला फायर करतो का? आज दुपारी तोफ चालली पाहिजे. तो नाही म्हणाला. मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की समोरचा माणूस गप्प बसायचा, याचा मला तेव्हा अभिमान होता, काय सांगू. बायको मला म्हणते ते खोटं नाही, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शेवटी बाराला कागद पाहिला. कोरा होता. मी म्हटलं, पाहिलंस? तो कागदाकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, "तीन तासांचा कोरा हाये, साहेब. रात्रीचा नाई." पण हो म्हणाला.

मग मी दोरीवरही आलो. शेजारच्या तोफांची माणसं पाहत होती. म्हटलं, आता दोरी-बिरी काही नको, सरळ फायर करू, पोरं हसतात. माझी माणसं आपापल्या जागी बसली, निशाणा धरणारा आपल्या बैठकीवर, मी मागे गुडघा टेकून. गोळा भरायचा हुकूम देणार तेवढ्यात शालिक पुढे आला, तोफेचं मागचं दार उघडलं, आतली गोळा पेटवणारी खिळी फिरवून काढली आणि आपल्या पँटच्या खिशात टाकली. "सगळे खड्ड्यात जा," म्हणाला, "मंग देतो." एका पायरीनं खालच्या नायकानं हवालदाराला असं बोलायचं. मी त्याला जे जे बोललो ते इथे छापता येणार नाही. त्याच्या आईबापांपर्यंत गेलो मी. तो खिशावर हात ठेवून उभा राहिला, चेहरा पांढरा पडलेला, पण हलला नाही. एवढ्या लोकांसमोर आणखी तमाशा नको म्हणून मी दात खात माणसांना घेऊन खड्ड्यात गेलो. त्यानं खिळी बसवली, गोळा भरून घेतला, दोरी बांधली, सोडत सोडत आमच्यापाशी आला. मी हुकूम दिला. त्यानं ओढली.

नळी मागे आली आणि थांबलीच नाही. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज माझ्या डाव्या कानात अजून आहे, त्या कानात आता दुसरं फारसं काही उरलेलं नाही. धूळ बसल्यावर पाहिलं तर निशाणा धरणाऱ्याची बैठक चेपून गेली होती, आणि मी जिथे गुडघा टेकून होतो तिथे हातभर लोखंड वाळूत रुतलं होतं. शालिक उठला, तोफेपाशी गेला, आणि शांतपणे नळकांडं खोलायला बसला. तासाभरानं त्यानं मला बोलावून दाखवलं. वायसर बसलंच नव्हतं, एका कडेला दुमडलं होतं, आणि त्या कडेनं तेल थेंब थेंब सरकत होतं. तीन तासांत ते कागदावर यायचं नव्हतं, रात्रभरात नक्की आलं असतं. म्हणाला, "दोरी चुकली नाई, साहेब. हात माहा चुकला." आणि तोफेच्या नोंदवहीत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, वायसर दुमडून बसवलं, काम माझं. खाली सही.

चौकशी झाली. साहेबांनी मला एकच सरळ प्रश्न विचारला, फिटरला पुरेसा वेळ मिळाला होता का? शालिक माझ्या बाजूलाच उभा होता. मी छाती पुढे काढून म्हटलं, "काम फिटरचं आहे, साहेब. वेळेचं मी काय सांगणार." ...बस. एवढंच बोललो. घाई मी केली हे म्हणायला जीभ रेटली नाही, बढतीची यादी लागायची होती. शालिकनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि समोर पाहू लागला. ज्या माणसानं माझ्यासकट सहा जणांचा जीव वाचवला, त्याची बढती अडली. माझी झाली. बाप्पा, आता वाटतं, त्या यादीला लागली असती आग तर बरं झालं असतं.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी निवृत्त होऊन मी नागपुरात आलो आणि एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. फौजेतून परतलेल्या माणसाचं नागपुरात काय होतं ते सांगतो. ज्याला लिहिता येतं तो कारकून होतो, बाकी सगळे वॉचमन. वीस-वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला, पूल बांधलेला, ट्रक खोलून जोडलेला माणूस कुठल्या तरी गेटवर दंडुका घेऊन उभा असतो, कारण बाहेरच्या जगात त्याच्या हुनराचा कागद नसतो. मी कचेरीच्या कामाला कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो होतो, पत्रे दाबून भांडी नि डबे बनवणारा एक कारखाना. गेटवरच्या माणसानं मला कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "रजिस्टरात सही करा, हवालदारसाहेब." शालिक. कानशिलावर केस पांढरे, हातात दंडुका. मी म्हटलं, अरे, तू इथे गेटवर काहून? तो हसला. "गेट पण मशीनच हाये, साहेब. उघडते नि बंद होते." मला हसू आलं नाही. माझ्यामुळे पुढे तुझं काय झालं, हे त्याला विचारायची हिंमतही झाली नाही.

पण त्या दिवसापासून आमचे रविवार सुरू झाले. तो नि कौसल्यावहिनी कळमेश्वरला दोन खोल्यांत राहायची, कधी ती इकडे, कधी आम्ही तिकडे. त्यानं मला साहेब म्हणणं बंद करून वसंतभाऊ म्हणायला सुरुवात केली. माझा डावा कान गेलेला, त्याचा उजवा, म्हणून मी नेहमी त्याच्या डावीकडे बसायचो, तरीही आम्ही एवढ्या मोठ्यानं बोलायचो की कळमेश्वरच्या बसमधल्या सगळ्या प्रवाशांना माझ्या बायकोच्या गुडघेदुखीची इत्यंभूत माहिती होती. घरातही त्याचे नेम चालूच. आमचा टेबलफॅन त्यानं दुरुस्त केला तेव्हा बटणाला सुतळी बांधली आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. वहिनी म्हणाल्या, "पाहा वं सुमनबाई, पंख्यातून गोळा निघून राहिला आता." सुमननं, माझ्या बायकोनं, त्याला विचारलं, पंख्याला कशाला एवढं? तो म्हणाला, "वयनी, ज्याच्यावर पूर्ण भरवसा असते ना, तिथंच दोरी लागते."

एका रविवारी तो एकटाच आला, दोन्ही हातांत एक जुनं पुस्तक धरून. फौजेतून सुटताना देतात ते, आमच्या पूर्ण नोकरीचा हिशेब त्यात असतो, कामात कसा होता तेही. झालं असं होतं की कारखान्याचा मोठा प्रेस, पत्रा दाबायचा तेलाच्या दाबावर चालणारा, बंद पडला होता. मिस्त्री काम सोडून गेलेला. आठ दिवस कामगार गेटपर्यंत येऊन परत जात होते आणि त्यांना परत पाठवायचं काम शालिकचं होतं. नवव्या दिवशी दंडुका कोपऱ्यात ठेवून तो आत गेला आणि चांदेकर नावाच्या तरुण इंजिनियरला म्हणाला, "साहेब, हे दुखणं माह्या ओळखीचं हाये." नळकांड्यावर तळवा ठेवून त्यानं कुठे गळतं ते सांगितलं. कान कामाचा नसला तरी त्याचा तळवा ऐकायचा. दुरुस्त करून खाली कागद पसरला आणि म्हणाला, आता उद्या. चांदेकरांनी डोकं आपटलं, पण कागदाजवळ जाऊ दिलं नाही त्यानं कोणाला. दुसऱ्या दिवशी कागद कोरा. मग दांड्याला लांब दोरी बांधून पन्नास कामगारांना त्यानं भिंतीमागे नेलं. लोक पोट धरधरून हसले. त्यानं ओढली, प्रेस खाली आला, वर गेला, आणि चालू लागला.

"आता चांदेकरसाहेब म्हणते, मिस्त्री म्हणून घेतो," शालिक सांगू लागला. "पण आफिसवाल्यानं बुक पाह्यलं. याच्यात एक ओळ हाये. दोन-तीन जागी हेच झालं, ओळ वाचली का गेट दाखवतेत." त्यानं पान उघडून माझ्यापुढे धरलं. इंग्रजीत लिहिलं होतं. देखरेखीखाली काम करण्यास योग्य. म्हणजे याला एकट्याला काम सोपवू नका. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशामुळे लिहिलं, मला सांगायला लागत नव्हतं. "साहेब म्हणाले, फौजेत तुमचं काम पाह्यलेला कोणी असन, तं त्याच्याकडून दोन ओळी आणा. वसंतभाऊ, तुमच्याशिवाय कोण हाये मले पाह्यलेला? द्या लिवून." तो असं म्हणाला आणि चहात बिस्किट बुडवून खाऊ लागला. टोमणा नव्हता, कशाची आठवण करून देणं नव्हतं. मी म्हटलं, लिहून ठेवतो.

तीन दिवस लिहू शकलो नाही. कारकून माणूस मी, दिवसाला पन्नास पत्रं लिहिणारा. शालिक गजभिये हे उत्तम कारागीर असून, इथपर्यंत यायचो आणि पेन थांबायचं. उत्तम कारागीर, मग ती ओळ कशी आली? सुमननं विचारलं तेव्हा पहिल्यांदा मी कोणाला तरी ते सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मग पत्र कशाला लिहिता? बस आहे ना साडेसातची." काही बायका नवऱ्याला धीर देतात. माझी टाइमटेबल सांगते.

गेलो. चांदेकरांच्या केबिनमध्ये शालिकला बोलावून घेतलं, कारण त्याच्या पाठीमागे बोललो असतो तर मी पुन्हा तोच माणूस झालो असतो. बसा म्हणाले तरी बसलो नाही. म्हटलं, साहेब, ती ओळ फिटरच्या बुकात आहे, ती माझ्या बुकात पाहिजे होती. कागद रात्रभर राहिला पाहिजे असं हा म्हणत होता, मी त्याला तीन तास दिले. दोरी नको म्हणालो, ह्यानं ऐकलं नाही म्हणून मी तुमच्यापुढे उभा आहे. आणि चौकशीत फौजेच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं बोललो नाही. बोलताना डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं. चांदेकरांनी शालिककडे पाहिलं. "हे असंच झालं?" शालिकनं मान हलवली. "घाई त्याईची होती साहेब. पण हो मी म्हटलं. वायसर मी दुमडलं. वसंतभाऊ सगळं आपल्या अंगावर घेऊन राह्यले, तसं नाई हाये ते." मग म्हणाला, "तवापासून मी हो म्हणत नाई कोणाले." चांदेकरांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "गेटवर दुसरा माणूस शोधावा लागेल."

बाहेर आलो. आता हा काहीतरी बोलेल, मला क्षमा करेल, नाहीतर चार शिव्या तरी देईल म्हणून मी वाट पाहत होतो. शालिकनं दंडुका गेटच्या खोलीत नीट कोपऱ्यात ठेवला, कडी लावून हलवून पाहिली, आणि म्हणाला, "नऊ-दहा वर्सं लावली तुमी दोन ओळीले. तुमच्यासारख्या घाईच्या माणसानं." आणि हसला तो, असा हसला की गेटसमोरच्या टपरीवाल्यानं वळून पाहिलं. मग आम्ही तिथेच चहा प्यालो.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं त्यानं तो प्रेस आणि त्याच्यासारखे आणखी तीन सांभाळले. देवीदाससारखे चार-पाच जण त्याच्या हाताखाली तयार झाले, आणि कारखान्यात कागद नि दोरी हा कायदाच झाला, कुठे लिहिलेला नाही तरी. कोणाचा हात गेला नाही, बोट गेलं नाही. दर रविवारी आमच्या अंगणात फौजी माणसं यायला लागली, काही निवृत्त, काही सुटीवर आलेली, पोह्यांवर झणझणीत तर्री घेत बसायची. सुटीवर आलेल्यांना शालिक एकच विचारायचा, "बुकात काय लिवलं हाये ते वाचलं का? सही कराच्या आधी वाचून घ्या गा. समजलं नाई तं विचारा, लाजू नका." न समजलेलं मी वाचून सांगायचो, अर्ज लिहून द्यायचो. नोकरीत असतानाच बाहेरच्या परीक्षेला बसा, हुनराचा कागद घेऊनच सुटा, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की पुढे दोघं-तिघं खरोखरच तसा कागद घेऊन आले आणि गेटवर न जाता आत कामाला लागले. त्यातल्या एकानं पहिल्या पगाराला शालिकला पांढऱ्या कागदांचं अख्खं रीम आणून दिलं. त्यातले कागद अजून संपलेले नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बौद्ध घरात वंदना करतात त्या दिवशी कळमेश्वरला त्याच्या घरी बसलो होतो. वंदना झाली, लोक पांगले. दाराजवळच्या खुंटीला दोरी होती, वेटोळं करून टांगलेली, टोकाशी त्याच्या हातांनी काळी झालेली. तेवढ्यात देवीदास आला. मोठा प्रेस शालिकनं जायच्या दोनच दिवस आधी खोलला होता, उरलेलं काम देवीदासनं नि बाकीच्यांनी पुरं केलं होतं. तो वहिनींना म्हणाला, "वयनी, दोरी पायजे होती." वहिनींनी ती खुंटीवरून काढली, क्षणभर छातीशी धरली आणि दिली. "घेऊन जा. पण वापस आणजो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी जा ना यांच्या संग." मी गेलो.

प्रेसभोवती सगळे उभे होते. चांदेकर आता तिथले मॅनेजर, घड्याळ पाहत होते, माल अडला होता. देवीदासनं दोरी बांधली, लोकांना भिंतीमागे घेतलं आणि मला म्हणाला, "भाऊ, हुकूम तुमी द्या. शालिकभाऊ सांगत राहायचे, पहिला हुकूम तुमचा होता." मी प्रेसखालचा कागद पाहिला. कोरा होता. विचारलं, "कागद कधी ठेवला?" देवीदासनं खाली पाहिलं. "सकाळी नऊले." भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत होते... मला वाळू दिसली, हातभर लोखंड दिसलं. चांदेकर म्हणाले, "हवालदारसाहेब, कोरा तर आहे." मी म्हटलं, "तीन तासांचा कोरा आहे. रात्रीचा नाही. उद्या." माझा आवाज चढला नव्हता. चांदेकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या कागदाकडे, आणि घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

मी कळमेश्वरलाच थांबलो. सकाळी सात वाजता देवीदासनं कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, आलटून पालटून पाहिला, मला दिला. टाचणीएवढाही डाग नव्हता. भिंतीमागे गेल्यावर त्यानं दोरी माझ्या हातात ठेवली. जड लागली. मी ती त्याला परत दिली. म्हटलं, "ज्याच्या हातचं काम, त्यानंच ओढायची." मग हुकूम दिला, देवीदासनं ओढली, आणि प्रेस खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या जागी कामाला गेली.

दोरी परत द्यायला मी वहिनींकडे गेलो. कागदही बरोबर होता, घडी करून खिशात. का घेतला होता मला माहीत नाही. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला, उलगडून पाहिला, आणि फळीवरचं शालिकचं ते जुनं पुस्तक काढलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण पान कुठलं ते बरोबर माहीत होतं. त्या ओळीवर त्यांनी तो कोरा कागद ठेवला आणि पुस्तक मिटलं. मग दोरी खुंटीला टांगली, नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसत विचारलं, "चहा ठेवतो, भाऊ. घाई तं नाई ना तुमाले?"

मी म्हटलं, "नाही."